नऊ चिमटे आणि जांभळी लोकर

सोमवार, ३ तारीख

सगळ्यांच्या आधी टपकली ती पेन्सिलबाई. दहाची वेळ दिलेली, ही साडेनवाला दारात, आणि मी अजून केस विंचरतेय. पेन्सिलबाई हे नाव मी ठेवलंय. कानामागे पेन्सिल खोचायची आणि मग दिवसभर पेन्सिल शोधत हिंडायचं, असं तिचं काम. सून म्हणते, आई, नावं ठेवू नका, चांगल्या शिक्षिका आहेत त्या. मी कुठं म्हटलं वाईट आहे? तिच्यामागून चौघीजणी एकदम आल्या, आणि शेवटी एक मिशीवाले सर. ते बूट काढू की नको करत पायरीवरच पाच मिनिटं उभे.

वहीत नीट लिहायचं म्हणजे आधीपासून सांगायला हवं. सून म्हणाली, आई, रोज चार ओळी लिहा, हात वळेल, आणि अशा लिहा की दहा वर्षांनी उघडल्या तरी कळल्या पाहिजेत. दहा वर्षांनी मी सत्त्याहत्तर. बघू. वही मी वाचणार नाही असंही म्हणाली. तरी मी ती पिठाच्या डब्यामागे ठेवते.

आमच्या पुढच्या खोलीत सूनबाईची संस्था आहे. ज्या मुलांना तिसरी-चौथीत जाऊनही वाचता येत नाही, त्यांना ती शाळेमागच्या रानात नेऊन झाडाखाली वाचायला शिकवते. ते कसं करायचं हे शाळांमधल्या शिक्षकांनाही शिकवते. आज त्यांचाच वर्ग होता. मीसुद्धा त्याच झाडाखाली शिकले, दोन वर्षांपूर्वी, पोरांच्या मधे बसून. दुसरीत असताना भावंडं सांभाळायला म्हणून मला घरी बसवली, ती बसलेच. लग्नानंतर माहेरची पत्रं हेच वाचून दाखवायचे. काय गाळायचे आणि काय पदरचं घालायचे देव जाणे, माझी आई पत्रातून ह्यांचं फार कौतुक करायची. समोर आल्यावर कधी केलं नाही.

सूनबाईची युक्ती म्हणजे चिठ्ठ्यांची वाट. नऊ झाडांवर नऊ चिठ्ठ्या. पहिलीत लिहिलेलं असतं, ह्या झाडाची साल हातानं चाचप, खरखरीत आहे का बघ, मग वाकलेल्या झाडाकडे जा. तिथं दुसरी. वाचल्याशिवाय पुढं जाता येत नाही, त्यामुळे पोरं झक मारत वाचतात. नवव्या चिठ्ठीची शेवटची ओळ कायम एकच, आता परत ये. सून शिक्षकांना सांगत होती की एक वेळ बाकी काही चुकलं तरी चालेल, ही ओळ विसरायची नाही. मूल चिठ्ठीवर विश्वास टाकून चालतं, त्याला घरी आणायची जबाबदारी चिठ्ठीची.

चिठ्ठ्या लावायचं आणि काढायचं काम माझं. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे असतात, ते वापरायचे, झाडाला खिळा नको. नऊ चिमटे पिशवीतून जातात, नऊ पिशवीत परत येतात. मी चिमटे मोजते. चिठ्ठ्या कोण मोजत बसणार.

आज सगळ्या शिक्षकांनी एकेक चिठ्ठी लिहिली. मिशीवाल्या सरांनी एवढी मोठी लिहिली की तेवढ्यात झाड वाढलं असतं. मला कोणी लिही म्हटलं नाही. म्हणेल कशाला? मी चहा देत होते.

एक कोरं कार्ड मात्र उचललंय.

बुधवार, ५ तारीख

लिहिली. मी लिहिली. सकाळी सून शाळेत गेल्यावर तीन कार्डं खराब केली, चौथं जमलं. (तिला कार्डं कमी झालेली कळणार नाहीत, तिच्याकडे गठ्ठा आहे.)

लिहिलं ते असं. "झाडामागे पायवाट आहे. चाळीस पावलं चाल. पाण्याचा आवाज येईल. बसून ऐक."

रानाच्या टोकाला पांढरा पट्टा मारलेलं झाड आहे, त्याच्या मागे. पोरांनी एकट्यानं पट्ट्यापुढं जायचं नाही, पण बाई बरोबर असल्या की चालतं. गुडघा दुखला की मी तिथं जाऊन बसते. पलीकडे बंद पडलेलं पंपघर आहे, आत कुठंतरी पाणी गळत असतं. टप, टप, मग थोडं थांबतं, मग पुन्हा टप. घर चालवणाऱ्या बाईला असं नुसतं बसून काही ऐकायला कधी मिळतं? मला वाटलं, पोरांनी ऐकावं.

वर्ग संपल्यावर मी चिठ्ठ्या उतरवल्या आणि माझी चढवली. माझ्याकडे दहावा चिमटा नव्हता. नातवाच्या टोपीची जांभळी लोकर पिशवीत होती, तिनं बांधली, छान फुलासारखी गाठ मारून. मग चार पावलं मागं जाऊन वाचली. पुन्हा पुढं येऊन वाचली. शेजारच्या झाडावरच्या पाखराला वाटलं असेल म्हातारीला झालंय तरी काय.

'आता परत ये' लिहायला कार्डावर जागा उरली नव्हती आणि बोटंही आखडली होती. ती दुसऱ्या कार्डावर उद्या लिहीन, पंपघराजवळ लावीन, आणि शुक्रवारच्या वर्गाला पेन्सिलबाईला दाखवून चकित करीन. तोवर माझी पहिली चिठ्ठी रात्रभर झाडावर राहिली तर कोणाचं काय जातंय?

घरी आल्यावर सुनेनं विचारलं, सगळं उतरलं? मी पिशवी तिच्यापुढे उपडी केली. नऊ चिमटे. बरोबर.

शुक्रवार, ७ तारीख

आज अक्षर वाईट येणार.

काल गुडघा सुजला म्हणून दिवसभर पडून होते, दुसरं कार्ड राहिलं. आजही सून म्हणाली, येऊ नका, पेन्सिलबाई आणि मी बघू. दीडच्या सुमाराला पेन्सिलबाई धापा टाकत घरी आली. कानामागे पेन्सिल नाही, पायात चप्पल नाही. मुंगी इथं आलीय का म्हणाली.

मुंगी म्हणजे इस्त्रीवालीची मुलगी, नऊ वर्षांची. चालताना मान खाली, जमिनीवरचं सगळं हिला दिसतं, म्हणून मी मुंगी म्हणते. शिंपले, बिया, कुणाचं हरवलेलं बटण. माझं बोट धरून चालते. पण अक्षर काही केल्या डोक्यात शिरत नाही. दोन वर्षं झाली. आईनं, बाईंनी, सगळ्यांनी हात टेकले. वर्गातली पोरं तिला दगड म्हणतात आणि ती त्यांना काहीच म्हणत नाही.

साडेअकराला मुलं मोजली तर बारात एक कमी. आधी वाटलं घरी पळाली, म्हणून सगळे रस्त्याकडे गेले. मग बाजार, मग बसथांबा, मग मागची गल्ली. इस्त्रीवाली इस्त्री तापलेलीच टाकून धावत सुटली होती. दोन तास झाले होते, दोन तास, आणि सगळे रस्त्याच्या बाजूला शोधत होते.

पेन्सिलबाई बोलत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे ती जांभळी गाठ आली. मी म्हटलं, पंपघराकडे बघा. ती म्हणाली, तिकडे कशाला जाईल, तिकडे तर पट्ट्यापुढे... मी ओरडले, बघा म्हणते ना.

काठी घेऊन मीही निघाले. सुजलेला गुडघा कुठं होता मला आठवत नाही. मी पोचले तेव्हा सून पंपघराच्या दारात उभी होती, एकदम सावकाश हात पुढे करून. कारण मुंगी आत टाकीच्या काठावर बसली होती, पाय आत सोडून. टाकी आहे तिथं. मी आत कधी गेलेच नव्हते, बाहेरूनच ऐकायची. टाकीला कठडा नाही आणि खाली काळं पाणी आहे, आणि ते किती खोल आहे ते आज मिशीवाल्या सरांनी दगड टाकून बघितलं. दगडाचा आवाज यायला जो वेळ लागला तो मी विसरणार नाही.

सुनेनं तिला उचलून बाहेर आणली, छातीशी धरली, आणि मग विचारलं, इथं कशाला आलीस बाळा?

"चिठ्ठीत होतं," मुंगी म्हणाली. "बसून ऐक."

"मग परत का नाही आलीस? आम्ही किती हाका मारल्या."

"परत ये असं नव्हतं लिहिलं."

 मग पेन्सिलबाई म्हणाली की आज नऊ चिठ्ठ्या लावल्या आणि नऊ काढल्या, तिनं स्वतः मोजल्या, अशी चिठ्ठी नव्हतीच. आणि मुंगीला कुठं वाचता येतं. ती काही वाईट मनानं बोलली नाही, ती तर रडत होती. पण सगळ्यांनी मान हलवली. भटकत गेली आणि आता बोलणी बसतील म्हणून खोटं सांगतेय.

इस्त्रीवाली तेवढ्यात आली. तिनं पोरीला आधी मिठी मारली आणि खोटं बोलली म्हणून मग थोबाडीत मारली. मुंगी रडली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं.

मी गप्प राहिले. हे लिहायलाच हवं, दहा वर्षांनी कळायला. मी गप्प राहिले.

शनिवार, ८ तारीख

सकाळी दूध आणायला म्हणून निघाले आणि रानात गेले. पट्ट्याच्या झाडावर चिठ्ठी नाही. लोकरसुद्धा नाही. झाडाभोवती फिरले, पालापाचोळा काठीनं उकरला. नाही म्हणजे नाही.

कुणाच्यातरी हाती लागलीय. येताना वाटेत जो दिसेल त्याच्या खिशाकडे माझं लक्ष. दूधवाला हसला तर वाटलं ह्याला माहीत आहे. मिशीवाले सर नमस्कार करून पुढे गेले तर वाटलं, एवढ्या लवकर का गेले. आणि दूध आणायचं विसरले. घरी चिरंजीवांना बिनदुधाचा चहा. त्यांनी तो तसाच पिऊन कप ठेवला.

दुपारी इस्त्रीवाली आली. मी म्हटलं झालं, हिलाच सापडली. तर ती माझ्या पाया पडायला आलेली. माझा गठ्ठा इस्त्री करून आणला होता, रुमालापर्यंत. म्हणाली, आजी, तुम्ही पंपघर म्हणाला नसता तर मी आज कुठल्या तोंडानं... आणि पदरानं डोळे पुसले. सगळे तेच म्हणतायत म्हणे, म्हातारीच्या मनाला कळलं. मला वाटलं जमीन फाटावी. मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, पोरगी अजून तेच धरून बसलीय, चिठ्ठी होती, चिठ्ठी होती. खोटं बोलायची सवय लागली तर आयुष्याचं वाटोळं होईल, म्हणून आता वाचनाच्या वर्गाला पाठवणार नाही. शाळा सुटली की दुकानात बसवीन, डोळ्यासमोर.

ते रुमाल मी अजून कपाटात ठेवले नाहीत. हात लावायला नको वाटतं.

संध्याकाळी सून माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, आई, तुमच्याकडे जांभळी लोकर आहे का? बटण तुटलं असेल. मी म्हटलं, संपली. ती म्हणाली, बरं. आणि थोडा वेळ तशीच बसून राहिली. दमलीय बिचारी.

सोमवार, १० तारीख

शिक्षण कार्यालयातून पत्र आलं. झाडाखालचे वर्ग आणि शिक्षकांचं प्रशिक्षण, दोन्ही पुढची सूचना मिळेपर्यंत बंद. गुरुवारी दोन अधिकारी चौकशीला येणार. संस्थेची परवानगी ठेवायची की काढून घ्यायची ते त्यांच्या अहवालावर. चिरंजीवांनी पत्र मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, बघ, कुणातरी मुलाच्या खोटेपणापायी. सून म्हणाली, ती खोटं बोलते असं मला वाटत नाही. ते म्हणाले, मग चिठ्ठी कुठं आहे? सून म्हणाली, चहा थंड होतोय.

ते गेल्यावर तिनं मला विचारलं, आई, पंपघर तुम्हाला कसं सुचलं? मी म्हटलं, म्हातारीचं मन. तिनं विचारलं, चिठ्ठ्या काढताना काही वेगळं बघितलंत का कधी? मी म्हटलं, मी काय बघणार, माझा चष्मा जुना. चष्मा मागच्याच महिन्यात तिनंच करून दिलाय.

मग तिनं पुढ्यात चार कोरी कार्डं आणि पेन ठेवलं. म्हणाली, मी आत आहे, तुम्हाला काही लिहावंसं वाटलं तर लिहा. एवढ्या काळजीत असताना तिला माझ्या सरावाचं पडलंय. अशी सून मिळायला भाग्य लागतं. मी कार्डांना हात लावला नाही.

आता माझं मन सांगते, कारण दुसरं कोण ऐकणार. मी बोलले तर काय होईल? अधिकारी म्हणतील, दुसरीपर्यंत शिकलेली म्हातारी झाडांवर चिठ्ठ्या लावते आणि कोणी बघत नाही, ही कसली संस्था? कुलूप लावतील. सुनेची इतक्या वर्षांची मेहनत माझ्या एका कार्डात बुडेल. नाही बोलले तर संस्था कदाचित वाचेल. मूल भटकलं, मुलं भटकतात, कठडा बांधा, संपलं. फक्त मुंगी खोटारडी ठरेल. आणि दगड ठरेल. नऊ वर्षांच्या पोरीचं काय, विसरेल, असं मी दुपारी स्वतःला सांगितलं. मी विसरले का, घरी बसवली ते?

भीती कशाची वाटते तेही लिहिते. संस्थेची वाटते ती खरी. पण त्याच्याखाली दुसरी एक आहे. सून माझ्याकडे बघेल, आणि तिनंच ज्या हाताला धरून 'अ' गिरवायला लावला त्या हातानं हे केलं, असं तिच्या डोळ्यांत येईल. ते मला बघवणार नाही.

मंगळवार, ११ तारीख

इस्त्रीच्या दुकानापुढून गेले. जायचं नव्हतं, पाय गेले. मुंगी आत खोक्यावर बसली होती, मान खाली. जमिनीवर फरशीशिवाय काही नव्हतं. तिची आई कपडे पोचवायला गेली होती. मी टोपी विणायचं निमित्त करून तिथंच टेकले. लोकर पिशवीतून बाहेर लोंबत होती.

मुंगी लोकरीकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, आजी, चाळीस लिहिताना च ला आ लावायचा ना? मी वाचताना आधी चळीस वाचलं. मग परत वाचलं. माझं माझ्याच लक्षात आलं.

मी विचारलं, किती वेळ लागला गं वाचायला? म्हणाली, खूप. सगळे पुढे गेले तरी मी वाचतच होते. सगळी वाचली. एकटीनं.

माझ्या डोळ्यांना धार लागली. दोन वर्षं मी, बाईंनी, सगळ्यांनी डोकं फोडलं, आणि हिची पहिली वाचलेली चिठ्ठी माझी. असा आनंद आणि अशी भीती एकाच छातीत मावत नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

ती म्हणाली, "मी कुणालाच नाही सांगितलं तुमची आहे म्हणून."

मला वाटतं मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं आठवत नाही. घरी कशी आले तेही नाही.

बुधवार, १२ तारीख

जेवण गेलं नाही. सून म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ या का? मी म्हटलं, गुडघा. ती म्हणाली, आई, गुडघ्यानं कोणाचं जेवण थांबत नाही. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात तिला कार्यालयाचा फोन आला आणि मी मिटलं.

उद्या अकराला.

गुरुवार, १३ तारीख

सगळं क्रमानं लिहायचा प्रयत्न करते.

अधिकारी दोघं आले. एक मॅडम, चष्मा गळ्यात अडकवलेल्या, आणि एक साहेब, काखेत फाईल. आधी रान बघितलं, पंपघर बघितलं, टाकीपाशी साहेब दोन पावलं मागे सरले. मग आमच्या पुढच्या खोलीत बसले. सून, पेन्सिलबाई, मिशीवाले सर. इस्त्रीवाली आणि मुंगी दाराजवळच्या बाकावर. मी चहा देत होते. बरं वाटतं मला, हातात ट्रे असला की म्हातारी कोणाला दिसत नाही.

पेन्सिलबाईनं सांगितलं, चिमटे नऊ, चिठ्ठ्या नऊ. मॅडमनी मुंगीला विचारलं, बाळ, खरं सांग, चिठ्ठी होती का? मुंगी म्हणाली, होती. कुणाची? मुंगी जमिनीकडे बघत बसली. साहेबांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं आणि मॅडमना म्हणाले, मुलीला वाचता येत नाही असं शाळेनंच लेखी दिलंय. इस्त्रीवाली म्हणाली, साहेब, माफ करा, चुकलं तिचं, मी समज दिलीय. आणि पोरीला कोपरानं ढोसलं, माफी माग.

सून तेव्हा उभी राहत होती. तिच्या हातात पर्स होती आणि ती उघडत होती, तेवढं मी बघितलं. पण मी आधी बोलले. ट्रे हातातच होता, कपबशा थडथड वाजत होत्या, मला वाटलं भूकंप झाला.

"चिठ्ठी माझी होती. चिमटा नव्हता म्हणून लोकरीनं बांधली. पोरगी खरं बोलतेय."

मग एकदा धरण फुटल्यावर काय. सगळं सांगितलं. कार्ड न विचारता घेतलं ते, जागा पुरली नाही ते, गुडघा, आणि शनिवारी पुरावा उचलायला गेले होते तेसुद्धा. म्हटलं, शिक्षा काय ती मला करा, मी सदुसष्ट वर्षांची आहे, मला शाळेतून काढून टाकायलाही आता कोणी उरलं नाही. कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील.

साहेब म्हणाले, पण आजी, चिठ्ठी असल्याचा पुरावा काय?

तेव्हा सुनेनं पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. जांभळ्या लोकरीसकट. घडी नाही, सुरकुती नाही. शुक्रवारी मुलीला आणताना झाडावर दिसली, म्हणाली. शुक्रवारी. म्हणजे मी शनिवारी पाला उकरत होते तेव्हा ती हिच्या पर्समध्ये होती. साहेब चिडले, इतके दिवस का दिली नाही? सून म्हणाली, मी वाट बघत होते. उद्यापर्यंत थांबले नसते, आता देणारच होते. पण वाट बघायची माझी चूक झाली, एका मुलीला सहा दिवस त्याचा त्रास झाला, तेही लिहून घ्या.

कसली वाट बघत होती ते मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी विचारणार होते, पण ती माझ्या ताटाकडे बघून हसली आणि म्हणाली, आज गुडघा बरा दिसतोय. विचारायचं राहूनच गेलं.

मधलं राहिलं. मॅडमनी कार्ड उचललं आणि मुंगीपुढे धरलं. वाचशील? इस्त्रीवाली म्हणाली, नको मॅडम, येत नाही तिला. मुंगीनं बोट ठेवलं आणि वाचलं. फार वेळ लागला. झाडामागे. पायवाट. चा-ळीस, तिथं थांबून माझ्याकडे बघितलं, पावलं चाल. एका ठिकाणी अडली तेव्हा पेन्सिलबाईचे ओठ आपोआप हलले, पण तिनं सांगितलं नाही. शहाणी आहे, मी उगाच नावं ठेवते. 'बसून ऐक'पाशी मुंगी थांबली. साहेब म्हणाले, पुढे? मुंगीनं कार्ड उलटं करून मागची कोरी बाजू दाखवली.

 शुक्रवारी ज्या गालावर मारलं होतं त्या गालावर इस्त्रीवालीनं तळवा ठेवला आणि तसाच ठेवून बसली. मुंगीला उठताही येईना.

परवानगीचं अजून काही खरं नाही. साहेब म्हणाले, मुलगी वाचली आणि मुलगी वाचायला लागली ह्या दोन गोष्टी चांगल्या, पण टाकी तेवढीच खोल आहे. कठडा आणि कुलूप लागल्याशिवाय, आणि चिठ्ठ्या दोन माणसांनी मोजल्याशिवाय, वर्ग नाही. अहवालात माझं सगळं येणार. मॅडमनी मात्र जाताना विचारलं, आजी, तुम्ही किती वर्षांच्या असताना लिहायला शिकलात? सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं. चांगल्यासाठी की वाईटासाठी कळलं नाही. काळजी तेवढीच आहे, फक्त आता ती एकटीची नाही.

ते गेल्यावर सूनबाईनं पुढ्यात पुन्हा कोरं कार्ड ठेवलं. ह्या वेळी मी लिहिलं. तीनच शब्द, पण जागा सोडून, मोठ्या अक्षरात. आता परत ये. मुंगी दारातच होती, तिला दिलं. तिनं तिथंच उभं राहून वाचलं आणि खिशात घातलं.

अधिकारी सोमवारी, सतरा तारखेला, अकरा वाजता परत येतो म्हणालेत.